वलांडीचा पहिला बांबू

माझी मुलगी तिसरीत होती तेव्हा आमच्या गावच्या शाळेत तिसरीचा सगळा वर्ग म्हणजे ती एकटी. पहिला नंबर तिचा, शेवटचाही तिचाच. मॉनिटर तीच, त्यामुळे बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची म्हणजे स्वतःचंच नाव लिहून स्वतःच पुसायचं. खो-खोच्या तासाला ती स्वतःच्या मागे धावायची, आणि एकदा तर तिने स्वतःला बाद केलं आणि रडत घरी आली. मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्यावं असं माझी बायको पाहुण्यांना चहाआधीच सांगून ठेवते. खुशाल सोडा. पण वर्गात ती एकटी होती हे उरलेल्या निम्म्यातलं.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, बोयसरहून चिंचणीकडे जाताना रस्ता सोडून समुद्राच्या अंगाला. खोल्या दोन, बाई एक. पोरं हाताच्या बोटांवर मोजावीत आणि मोजून झाल्यावर एखादं बोट उरावं, इतकी. गावात पोरं नव्हती असं नाही. सकाळी पिवळी व्हॅन यायची आणि गावातली पोरं भरून बोयसरच्या इंग्रजी शाळेत न्यायची. व्हॅनमध्ये पोरं इतकी कोंबलेली की ड्रायव्हरच्या मांडीवर पहिलीचा वर्ग आणि टपावर दुसरीचा.

या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष. कसा झालो ते सांगतो. माझं रस्त्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, पाण्याच्या मोटारी, मिक्सर, काहीही जळलं की लोक माझ्याकडे आणतात. शाळेची मोटार जळली म्हणून मी बोअरिंगपाशी वाकून बसलो होतो आणि आत पालकांची सभा चालू होती. मोटार सुरू झाली, मी हात पुसत आत आलो, तर सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं मोटारीसाठी वाजवतायत.

अध्यक्ष झालो म्हणून पालघरजवळ कोळगावला जिल्हा मुख्यालयात जावं लागलं. त्या इमारती एवढ्या मोठ्या आहेत की मी एका दारातून गुळगुळीत दाढी करून आत शिरलो आणि साहेबांची खोली सापडेपर्यंत मला शिपाई बुवा म्हणायला लागला होता. साहेब भला माणूस. त्याने सरळ सांगितलं की पुढच्या वर्षीही पट असाच राहिला तर शाळा रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळतील. रस्ता म्हणजे बोयसर-तारापूरचा. त्यावरून दिवसभर केमिकलचे टँकर जातात, आणि ते असे जातात की कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी घरच्यांचा निरोप घेतात.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

"त्या रस्त्यावरून मी पोर पाठवणार नाही," ती म्हणाली. "शाळा बंद झाली तर मी तिला घेऊन बोयसरला राहीन, आईकडे. तुम्ही यायचं तर या."

"आणि आय?"

"आयना मी नको म्हटलंय का? पण त्या येतात का ते विचारा."

विचारायची गरज नव्हती. माझी आई बोंबील सुकवते आणि विकते. समुद्रापासून चप्पल फेकण्याच्या अंतराहून लांब गेली तर तिला ठसका लागतो. म्हणजे हिशोब सरळ होता. शाळा राहिली तर माझं घर एकत्र, शाळा गेली तर नात एका गावात, आजी दुसऱ्या गावात, आणि मी मधल्या रस्त्यावर टँकर चुकवत.

त्याच सुमाराला बातमी आली की शाळेच्या पश्चिमेच्या सरकारी माळावर परवडणाऱ्या घरांच्या इमारती होणार. कोणाला परवडणाऱ्या ते कोणी सांगितलं नाही, पण तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सोडतीत घरं लागणार, एवढं कळलं. बाई सायकलवरून धावतच दुकानात आल्या. सायकलवरून धावत कसं येतात ते मला विचारू नका, मी पाहिलंय.

"दादा, इमारती म्हणजे कुटुंबं, कुटुंबं म्हणजे पोरं," त्या म्हणाल्या. "आणि इंग्रजी शाळेच्या व्हॅनला पैसे देण्याइतकी ती माणसं श्रीमंत असणार नाहीत. शाळा वाचली समजा."

मी समजलो. हातातला पंखा खाली ठेवला आणि आनंदाने उभा राहिलो. मग मला माळ आठवला आणि मी परत खाली बसलो.

कारण त्या माळावर वलांड्या असतात. बांबू रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या आणि ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगायचे. या मांडवाला आमच्याकडे वलांडी म्हणतात. सातबाऱ्यावर आमचं कोणाचं नाव नाही, पण वहिवाट आहे आणि तिची रीतही आहे. पाऊस सरला की गल्लीतली सगळ्यांत थोरली बाई पहिला बांबू रोवते. तिचा बांबू जिथे, तिथून बाकीच्यांच्या रांगा सुरू. तिच्या आधी कोणी खड्डा खणत नाही, आणि तिने रोवलेला बांबू तिच्याशिवाय कोणी उपटत नाही. एकदा वादळाने सगळं गाव उलटंपालटं केलं, आमच्या घराची कौलं थेट डहाणूला जाऊन पडली, पण तो बांबू वादळानेसुद्धा हलवला नाही. रीत त्यालाही ठाऊक होती.

आणि गल्लीतली सगळ्यांत थोरली बाई म्हणजे माझी आई.

त्या दिवसांत मला एका जागी बसवेना. दुकानातून उठायचो, शाळेत जायचो, बाईंचं ऐकून वाटायचं इमारती व्हायलाच पाहिजेत. तिथून माळावर जायचो, आईचं ऐकून वाटायचं एक वीटसुद्धा पडता कामा नये. परत दुकानात येईपर्यंत दोन्ही पटलेलं असायचं. तारेचे वेढे घालताना मन ठिकाणावर नसे. एका गिऱ्हाइकाचा पंखा मी असा काही गुंडाळला की तो हवा सोडायच्या ऐवजी ओढून घ्यायला लागला आणि त्याच्या खोलीतलं कॅलेंडर छताला चिकटलं. तो म्हणाला, राहू दे, डासही जातात.

मग सभा झाली, शाळेच्या व्हरांड्यात. आमच्या शेजारचे नाखवा पुढे बसले. दोन होड्यांचे मालक, गावात त्यांच्या शब्दाला वजन, आणि आवाज असा की ते घरात कुजबुजले तर माहीमला जाळी ओढणारे मागे वळून बघतात.

"शाळेत खोल्या दोन," नाखवा म्हणाले. "बाई एक. बोअरिंगला दुपारनंतर पाणी नाय. बिल्डिंगीतली पोरं आली का आपली पोरं बसतील कुठं? छपरावर?"

"नाखवा, तुमची नातवंडं आत्ता कुठे बसतात?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात रस्त्यावर पिवळ्या व्हॅनचा हॉर्न वाजला. मी रचून सांगतोय असं वाटेल, पण व्हॅनची वेळच ती होती.

"ती इंग्लिशला हायत," नाखवा जरा खाली आवाजात म्हणाले, म्हणजे फक्त चिंचणीपर्यंत ऐकू गेलं असेल. "म्हणून काय आमचं शाळेवर प्रेम नाय?"

"हाय की," मागून कोणीतरी बाई म्हणाली, "पण लांबून हाय. आजारी सासूवर असतं तसं."

हसण्यात पाच मिनिटं गेली. मग एकजण म्हणाला, ती पोरं हिंदी बोलतील, आपल्या पोरांचं मराठी बिघडेल. यावर माझी आई उठली. ती सभेत कधी उठत नाही, बसल्या जागेवरूनच पुरते.

"बोलू दे हिंदी," ती म्हणाली. "बोयसरच्या बाजारात मी काय इंग्लिशमधून मासळी इकते? भाषेचं कोण इचारतंय. माझी वलांडी कुठं जायची ते सांगा. ते कोण सांगत नाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्ष. मी मुलगा. मी बोअरिंगकडे बघून म्हणालो की मोटारीचा आवाज जरा वेगळा येतोय, आणि बाहेर गेलो. मोटार बंद होती.

घरी आईने मला सोडलं नाही.

"तुझ्या पोरीला सोबत पायजे म्हणून मी बोंबील कुठं वाळवू? तुझ्या डोक्यावर?"

"बाबांच्या डोक्यावर जागा आहे," मुलगी गृहपाठातून वर न बघता म्हणाली. मला टक्कल आहे, आणि घरात त्याचा उपयोग प्रत्येकजण करतो.

"आय, शाळा गेली तर ही जाणार."

"ठाव हाय मला." आई विळी धुवत होती. "तू रोज सांगतोस. वलांडी गेली तर मी कुठं जायचं, ते तू एकदा तरी सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. मी उठलो आणि माळापर्यंत एक चक्कर मारून आलो. परत आलो तरी तिचा प्रश्न तिथेच बसलेला होता, म्हणून आणखी एक चक्कर मारली. त्या महिन्यात मी एवढं चाललो की माझ्या चपलांना पालघरचे रिक्षावाले ओळखायला लागले.

दिवाळी झाली, बोंबलाचा हंगाम भरात आला, आणि कळलं की सोडतीत घरं लागलेली माणसं एका रविवारी जागा बघायला येणार आहेत. नाखव्यांनी गल्ली गोळा केली.

"भांडायचं नाय, दगड मारायचा नाय, एक शब्द बोलायचा नाय," ते म्हणाले. "फक्त वास."

हे सुचलं कसं ते परक्या माणसाला कळणार नाही, आमच्या लोकांनाच कळेल. आमच्या बाया टोपल्या घेऊन एसटीत चढल्या की कंडक्टर त्यांना मागच्या सीटवर पिटाळतो आणि पुढचे प्रवासी नाकाला रुमाल लावतात. आई सांगते, एक माणूस चिंचणीला गाडीत बसला तो नाक दाबूनच, आणि पालघरला उतरला तेव्हा ते नाक पुन्हा वर आलंच नाही, तसाच चपटा घरी गेला. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी नाक मुरडलेलं बघून आमची पक्की खात्री झाली आहे की अख्ख्या जगात आमच्याइतका वास कोणाला येत नाही. त्याची लाज वाटते, आणि आतून थोडा अभिमानही वाटतो. तेव्हा ज्याच्यापुढे एसटी हरली त्याच्यापुढे बिल्डिंगी कशा टिकतील, असा नाखव्यांचा विचार, आणि तो सगळ्यांना पटला. मलाही.

रविवारी सकाळपासून गल्ली कामाला लागली. वलांड्या वरपासून खालपर्यंत ओल्या बोंबलांनी भरल्या. खाली जवळा पसरला, त्याच्या शेजारी मांदेली, आणि जिथे जागा उरली तिथे जाळी धुतलेलं पाणी ओतलं. बारा वाजेपर्यंत वास इतका दाट झाला की त्यावर कावळे बसायला लागले. समुद्राकडून वारा सुटला आणि त्याने तो सगळा वास उचलून बरोबर रस्त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला. नाखवा वाऱ्याकडे बघून मान हलवत होते, जसा तो त्यांच्याच होडीवरचा खलाशी.

आणि शंभर पावलांवर शाळेत बाईंनी रविवार असून दार उघडलं होतं. फरशी पुसली होती, रांगोळी काढली होती, पोरांची चित्रं भिंतीला लावली होती. सगळी माझ्या मुलीनेच काढलेली, निरनिराळ्या सह्यांनी. बघायला आलेल्यांनी शाळा बघावी आणि त्यांना आवडावी एवढीच बाईंची इच्छा. मी चहाची किटली घेऊन माळ आणि शाळा यांच्या बरोब्बर मध्ये उभा होतो. दोन्हीकडून मलाच खुणा चालल्या होत्या. चहा उकळत होता की मी, ते सांगणं कठीण.

दोन टेम्पो आले. माणसं उतरली. बायका, पोरं, एखाददुसरा म्हातारा. सगळ्यांच्या तोंडावर आधीच रुमाल नाहीतर ओढणी बांधलेली. नाखव्यांनी मला कोपर मारलं.

"बघ. रस्त्यातच पोचला वास."

ती माणसं माळाच्या कडेला येऊन उभी राहिली. मग त्यांतल्या एका बाईने, तिच्या हाताशी माझ्या मुलीएवढीच मुलगी होती, नाकावरची ओढणी खाली केली. आता परत बांधेल म्हणून आम्ही वाट बघत होतो. तिने बांधली नाही. तिने असा एक श्वास ओढला की जवळच्या वलांडीवरचे दोन बोंबील तिच्या दिशेने वळले.

"यहाँ तो आँख नहीं जलती," ती नवऱ्याला म्हणाली.

मग एकेकाने रुमाल सोडले. पोरांनी सोडले. म्हाताऱ्याने सोडला आणि घडी करून खिशात ठेवला, पुन्हा लागणार नाही अशा बेताने. ही माणसं कारखान्यांच्या पाठीमागच्या खोल्यांत राहत होती, जिथे नाल्याचा रंग सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. रुमाल त्यांनी आमच्यासाठी बांधलेले नव्हते. ते त्यांच्या तोंडावर रोजचेच होते.

नाखव्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, कोणीतरी त्यांच्याकडून एक होडी काढून घेतली.

"मौसी," ती बाई माझ्या आईजवळ गेली, "हमारे गाँव में भी सुखाते हैं. पर ऐसे मुँह में मुँह डालकर नहीं."

आईचं हिंदी बाजारातलं. त्यात भाव, शिव्या आणि पाहुणचार तिन्ही बसतात. "तेरे को आता क्या जोडी लगाना? ये देख. इसका दात उसके दात में. जोर मत कर, बोंबील हाय, नवरा नाय."

ती बाई हसली आणि जोडी लावायला बसली. पहिली सुटली, दुसरी लागली. आमच्या गल्लीतल्या बायका, ज्या सकाळपासून हिला पळवून लावायला राबत होत्या, तिच्याभोवती गोळा होऊन तिचा हात कसा धरावा ते सांगत होत्या. मी किटली घेऊन इकडून तिकडे जात होतो. मला खाली ठेवायचं सुचलंच नाही.

मग तिने वर बघून विचारलं, "मौसी, स्कूल किधर है? इसको तीसरी में डाला है, पर वहाँ साठ बच्चे एक कमरे में बैठते हैं."

आईचा हात थांबला. शाळा बंद होणार आहे म्हटलं असतं तर ते खरंच होतं. इथे शाळा नाही चांगली, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, ती माणसं विचार करत गेली असती. नाखवा आईकडे बघत होते. तिने हात लुगड्याला पुसले.

"चल, दाखवते," ती मराठीतच म्हणाली आणि चालू लागली. वाटेत तिने शाळेची जी तारीफ केली ती ऐकून मीसुद्धा नवीन प्रवेश घ्यायला तयार झालो. इधर का बाई मारता नाय. खिचडी गरम मिलता. मेरा नातीन पहिला नंबर, पूछ किसको भी. हे शेवटचं तर शंभर टक्के खरं होतं.

परत जाताना ती बाई म्हणाली, घर बनेपर्यंत ही मुलगी लग्नाची होईल. गावात भाड्याने खोली मिळेल का? घर इथे होणारच आहे, तर शाळा आत्ताच बदलून टाकू.

यावर कोण बोललं असेल? नाखवा. त्यांच्या मागच्या अंगणात दोन खोल्या धाकट्या मुलांसाठी बांधलेल्या, ती मुलं वसईला. ते खाकरले.

"एक खोली हाय तशी. पाणी भरावं लागंल."

"नाखवा," मी म्हटलं, "तुम्ही विरोधात ना?"

"मी बिल्डिंगीच्या विरोधात हाय," ते म्हणाले. "भाडेकरूच्या नाय."

परीक्षा आटोपल्या आणि ती आली. तिच्या मागून आणखी कुटुंबं आली. गावात रिकाम्या खोल्या होत्या, आणि विरोधकांकडेच जास्त होत्या. जूनमध्ये शाळा भरली. माझी मुलगी चौथीच्या वर्गात गेली तर बाकावर शेजारी ती मुलगी. पहिल्या दिवशी मुलगी घरी आली ती लाल होऊन.

"आमचं भांडण झालं," तिने सांगितलं. "तिला खिडकीपाशी बसायचंय. खिडकी माझी आहे."

बायको म्हणाली, अगं, मिळून बसावं. आई म्हणाली, खिडकी सोडू नको. मुलीला भांडायला माणूस मिळाला होता, आणि मी तेवढ्यावरच रात्री जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पण नाखव्यांनी सभेत जे सांगितलं होतं तेही सगळं खरं व्हायला लागलं, हे लपवून ठेवणार नाही. पोरं वाढली म्हणून दुसऱ्या बाई यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. एका खोलीत तीन वर्ग, आणि बाईंचा आवाज श्रावणापर्यंत असा बसला की त्या फळ्यावर लिहूनच ओरडायच्या. बोअरिंगचं पाणी आधी दुपारी संपायचं, ते आता प्रार्थनेलाच संपायला लागलं. मोटार माझ्याकडे इतक्या वेळा आली की तिने दुकानात स्वतःची जागा धरली. पालक येऊन मला झापायचे, जुने मराठीत, नवे हिंदीत. पट वाढला होता, माझी झोप कमी झाली होती, आणि तरी मुळातली भीती गेली नव्हती. कारण ही सगळी कुटुंबं इथे घर होणार म्हणून आली होती. कारखाना लांब पडत होता, रिक्षात वेळ जात होता. नाखव्यांची भाडेकरीण एकदा पाण्याची कळशी ठेवताना बोलली होती, "घर अटक गया तो फिर वापस जाना पड़ेगा." माघारी गेली असती ती माणसं, आणि शाळाही त्यांच्यामागोमाग गेली असती.

पाऊस सरला. ठेकेदाराची माणसं येऊन माळावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून गेली. त्यांतली एक रेघ आमच्या वलांडीच्या जुन्या खड्ड्यावरूनच गेली होती.

आता काय होणार ते गल्लीला माहीत होतं. आईने रेघेवर बांबू रोवला की सगळ्यांचे बांबू तिथून पुढे उभे राहणार, आणि ते हंगाम संपेपर्यंत कोणी उपटणार नाही. मग पोलिस येतील, वकील येतील, तारखा पडतील. नाखवा म्हणत होते, रोवू दे काकीला, मग बघतो कोण हलवतो. बाई मला म्हणत होत्या, दादा, बोला ना आईंशी. मी बोलायला म्हणून घरी जायचो आणि पाण्याचा तांब्या पिऊन परत यायचो. आई विचारायची, काय रे, काय पायजे? मी म्हणायचो, पाणी. त्या आठवड्यात मी एक विहीर प्यायलो असेन.

बांबू रोवायच्या सकाळी सगळी गल्ली माळावर. आईने नारळ आणि कुंकू घेतलं, पहार नाखव्यांकडे दिली. बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला. मी हात लावला तर म्हणाली, बाजूला हो. ती पुढे, मागे बायका आपापले बांबू घेऊन, त्यांच्यामागे नाखवा, सगळ्यांत मागे आणि मध्येच सगळ्यांत पुढे मी.

जुन्या खड्ड्यापाशी ती थांबली. बांबू खांद्यावरून उतरवून उभा धरला. पायाने फक्कीची रेघ जरा उकरली. तिच्या सासूने तिथेच बांबू रोवला होता, सासूच्या सासूनेही. नाखव्यांनी पहार पुढे केली.

तेवढ्यात शाळेतून प्रार्थना संपल्याचा गलका आला, आणि त्या गलक्यात दोन आवाज वेगळे. खिडकी माझी आहे. नहीं, कल तू बैठी थी. रोजचंच, पण त्या सकाळी माळभर ऐकू आलं.

आईने मान त्या बाजूला वळवली. किती वेळ ऐकत उभी होती ते सांगता येत नाही. माझ्या हिशोबाने दोन हंगाम गेले. मग तिने नाखव्यांच्या हातातली पहार घेतली, बांबू पुन्हा खांद्यावर घेतला आणि चालू लागली. रेघा ओलांडून, माळ संपवून, शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत. तिथे भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी आहे, इमारतींच्या नकाशाबाहेरची. त्या खिडकीच्या बरोबर खाली तिने पहार मारली.

"काकी," नाखवा म्हणाले, "इथं सगळ्यांच्या रांगा मावायच्या नाय."

"नाय मावायच्या."

"मग?"

"मग थोडे बोंबील टांगू." ती खड्ड्यातली माती हाताने काढत होती. "त्या दोघी भांडतात. बाय एकटी किती बघल? मी हाय इथं."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एकीने तिच्यामागे बांबू टेकला, मग दुसरीने. तिघी-चौघी मात्र आपले बांबू घेऊन घरी गेल्या. त्या आईशी अजून बोलत नाहीत. पाणवठ्यावर ती आली की कळशी उचलून निघतात, आणि आई त्यांना नावं ठेवत नाही. त्यांची जागा गेली, हे तिला त्यांच्याइतकंच माहीत आहे.

खिडकीत दोन डोकी आली, एक दुसऱ्याला ढकलत. "आजी, तू इथे काय करतेस?"

"गप बसा. फळ्याकडं बघा."

मी तिथेच उभा होतो. काहीतरी म्हणावं असं वाटत होतं, आणि अशा वेळी मी नेहमी मोटार बघायला जातो. आईने बांबूला दोरीचा वेढा दिला आणि दुसरं टोक माझ्याकडे फेकलं.

"बघतोस काय? धर. ताणून धर, हालू नको."

मी धरली. ती दुसऱ्या टोकाला गाठ मारेपर्यंत मी जागचा हललो नाही. गावात हे मी पुष्कळांना सांगितलंय. कौलं डहाणूला गेली यावर लोक माना डोलावतात, पण यावर कोणी विश्वास ठेवत नाही.